दोन्ही पाय बाहेर

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून सव्वीस वर्षं तिने आपल्या बाजूचा ब्रेक इतक्या वेळा दाबला होता, की घरी सोफ्यावर बसून टीव्हीवर मोटारींची शर्यत बघतानाही तिचा पाय आपोआप खाली जाई. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: गाडी चुकत नाही, चुकतो तो पाय. ते ऐकून कितीतरी जण रडवेले होऊन घरी गेले होते.

त्या मंगळवारी सकाळी ती एकटीच स्कूलची नवी, बिनक्लचची गाडी आवारात वळवत होती. स्टिअरिंग उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवलं आणि गाडी एकदम उसळली. तिने ब्रेक दाबून धरला, गिअर न्यूट्रलला ढकलला, हँडब्रेक खेचला. पण तोवर फाटकाशेजारची भिंत आडवी आली होती. कुणाला खरचटलंही नाही. भिंतीचं आणि गाडीच्या नाकाचं मात्र व्हायचं ते झालं.

परिवहन खात्याच्या निरीक्षकांनी गाडीला सील ठोकलं आणि निकाल लागेपर्यंत तिचं लायसन्स ठेवून घेतलं. चार दिवसांनी गाडी बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. सहा फुटी, सभ्य बोलणारा माणूस. निरीक्षकांच्या देखत त्याने गाडी सुरू केली, स्टिअरिंग इकडे-तिकडे फिरवून पाहिलं, गाडीतली नोंद लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि रिपोर्ट दिला: ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबलेला, गाडीत दोष नाही, चालकाची चूक. खाली वेगळ्या ओळीत त्याने तिचं वयही लिहिलं होतं. एकसष्ट.

स्कूलच्या मालकांनी तिला काउंटरवर फॉर्म भरायला बसवलं. नवऱ्याने चहा देता देता जपून विचारलं, चुकून पडला असेल का पाय? खरी बोच वेगळीच होती. तिची स्वतःचीच खात्री डळमळली होती. जेवणाच्या टेबलाशी बसून ती डोळे मिटायची, त्या क्षणी पाय कुठे होता ते आठवायची, आणि जितकं आठवावं तितकं ते धूसर व्हायचं.

धाकटा दीर गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. वहिनीची खेचायची एकही संधी तो सोडत नसे, पण त्या दिवशी गंभीरपणे म्हणाला, "वहिनी, पेडलकडून एक तार येते. तारेने जे सांगितलं ते यंत्राने लिहिलं. पाय पाहिलाय कुणी?"

हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. धडा संपला की प्रत्येक शिकाऊ माणसाने वहीत चार ओळी लिहायच्या, असा तिचाच दंडक होता. काउंटरवर वेळच वेळ होता. त्या गाडीवर शिकलेल्या सगळ्यांच्या वह्या तिने काढल्या आणि तीन वह्यांत जवळजवळ सारखीच ओळ सापडली. उजवीकडे पूर्ण वळवताना गाडी ओरडली, बाईंनी झापलं.

तिचा चेहरा उतरला. त्या तिघींनी तेव्हा तिला परोपरीने सांगितलं होतं, बाई, आम्ही दाबलं नाही. आणि तिने त्यांना तेच ऐकवलं होतं, जे आता इंजिनिअर तिला ऐकवत होता. तिसरी वही तर त्या पानावरच थांबली होती. ती वही एका नर्सची होती; ती पुन्हा आलीच नव्हती.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. तिघीही ठेंगण्या होत्या. ती स्वतःही. ठेंगणं माणूस गाडीत बसलं की आधी स्टिअरिंग खाली ओढून घेतं. सहा फुटी इंजिनिअरने ते वर करूनच गाडी तपासली होती.

तिने निरीक्षकांना लेखी अर्ज दिला. पुढच्या शनिवारी सकाळी आवारात निरीक्षक, इंजिनिअर, मालक आणि दीर जमले. सील उघडलं. तिने दार सताड उघडलं, सीटवर तिरकी बसली आणि दोन्ही पाय बाहेर, जमिनीवर ठेवले. गिअर पार्किंगला ठेवून गाडी सुरू केली, स्टिअरिंग खाली घेतलं आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवलं.

काहीच झालं नाही. इंजिनिअरने घड्याळाकडे पाहिलं. दिराने मान खाली घातली.

तिने स्टिअरिंगकडे नीट निरखून पाहिलं. तिरकं बसल्यामुळे ते खाली येताना अर्ध्यावरच अडकलं होतं. तिने उंचीचा खटका सैल केला, दोन्ही हातांनी ते तळापर्यंत दाबलं आणि पुन्हा फिरवलं.

इंजिन असं किंचाळलं की मालक दोन पावलं मागे सरले. तिचे पाय सगळ्यांसमोर जमिनीवर होते.

"पुन्हा करा," इंजिनिअर म्हणाला.

तिने आणखी तीनदा करून दाखवलं. मग तो स्वतः तसाच, पाय बाहेर ठेवून बसला आणि त्याच्या हातूनही गाडी तशीच किंचाळली. दीर टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली शिरला. स्टिअरिंगच्या दांड्याने पेडलच्या तारा पत्र्यावर घासून सोलवटल्या होत्या. इंजिनिअरने त्या हातात धरून पाहिल्या, सावकाश उभा राहिला आणि निरीक्षकांना म्हणाला, "माझा रिपोर्ट मी मागे घेतो. बाईंचं वय काढायला नको होतं."

निरीक्षकांनी तिचं लायसन्स तिथेच परत दिलं. महिन्याभरात कंपनीने त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या तारा बदलायला परत बोलावल्या. दीर भेटेल त्याला छाती फुगवून सांगू लागला, आमच्या वहिनी.

तिला मात्र आणखी एक काम होतं. तिघींपैकी दोघींची तिने फोनवर माफी मागितली. नर्सच्या दारात ती स्वतः गेली. दार उघडल्यावर नर्स बावरून बाजूला झाली, पण ब्रेकबाई आत गेली नाही.

"तेव्हा चूक तुझ्या पायाची नव्हती," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "माझ्या तोंडाची होती."

नर्स सोमवारपासून पुन्हा यायला लागली आणि सहा आठवड्यांनी परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास झाली. आवाराच्या फाटकातून तिने गाडी एकटीने बाहेर काढली, तेव्हा ब्रेकबाई भर रस्त्यात उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.