वसुधाताईंची उघडी स्क्रीन

इंदूरला सांवेर रोडवरच्या त्या औषध-कारखान्यात कॉम्प्युटरवाला म्हटलं की एकच माणूस, ज्ञानदीप वाहाने. महूला वाढलेला, वडील सैन्यात सुभेदार. त्यामुळे की काय, शिस्तीचा त्याला भारी सोस. सत्तावीस वर्षं त्यानं कपाटाएवढं एक सर्व्हर पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. कुठली गोळी कधी बनली, कोणी तपासली, कुठल्या गाडीतून गेली, सगळं त्या मशीनच्या पोटात. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, माउस नाही, चित्र नाही. पण मशीन एकदाही बंद पडलं नाही, आणि हे तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला ऐकवायचा.

मग मालकांचे चिरंजीव मनीषजी शिकून परत आले आणि त्यांना हिरव्या अक्षरांची लाज वाटायला लागली.

"ज्ञानदीपजी, ये म्यूजियम है क्या? चार महीने में सब ब्राउजर पे चाहिए. नहीं हुआ तो मशीन भी जाएगी, और..."

पुढचं ते बोलले नाहीत. न बोललेलं ज्ञानदीपला व्यवस्थित ऐकू आलं. निवृत्तीला तीन वर्षं होती आणि मुलीचं कॉलेज अजून व्हायचं होतं.

तर सत्तावन्नाव्या वर्षी हा गृहस्थ जावास्क्रिप्ट शिकायला बसला. विशीतली पोरं 'हे गाइज' करत व्हिडिओत सांगतात ते त्यानं वहीत उतरवून घेतलं, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, बायकोच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी त्याच जुन्या मशीनवर त्यानं जावास्क्रिप्ट चालवणारं नोड चढवलं. आतलं आरपीजी नावाच्या जुन्या भाषेतलं काम तसंच ठेवलं आणि वर ब्राउझरचा गोरागोमटा चेहरा बसवला. आणि ते चाललं! खोटं कशाला बोला, पठ्ठ्यानं कमाल केली होती.

त्यातही एका गोष्टीचा त्याला विशेष अभिमान होता. जुन्या पद्धतीत एकानं एखाद्या बॅचची नोंद उघडली की ती बंद करेपर्यंत दुसऱ्या कुणाला त्या नोंदीला हात लावता यायचा नाही. माल पाठवणारे गोदामवाले तिथंच अडायचे, आणि त्याला फोन करायचे, "भिया, रेकॉर्ड फिर फँस गया." दहातल्या नऊ वेळा स्क्रीन उघडी असायची तपासणी विभागातल्या वसुधाताईंची. बावीस वर्षं नोकरी झालेली बाई, पण स्क्रीन उघडी टाकून खुशाल लॅबमध्ये निघून जायची. तो फोनवर ओरडायचा, त्या "करते हो बंद" म्हणायच्या आणि तास-दोन तास करायच्या नाहीत. नव्या ब्राउझरमध्ये त्यानं ही कटकट मुळातून उपटून टाकली होती. कुणी काहीही उघडून ठेवो, कुणाचं काहीच अडणार नव्हतं.

वसुधाताईंना नवी स्क्रीन शिकवताना तो फुशारकीनं म्हणालाही होता, "ताई, आता कितीही वेळ उघडी ठेवा. मी एक शब्द बोलणार नाही."

"खरंच? बरं झालं बाई," त्या म्हणाल्या होत्या. ताई एवढ्या खूश का झाल्या, हे विचारायची बुद्धी त्याला झाली नाही.

सोमवारी सकाळी नवी स्क्रीन सुरू झाली. अकरा वाजता मनीषजींनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. गोदामातून सकाळपासून एकही फोन नाही. सव्वा दोनला वसुधाताई कॉम्प्युटर-रूमच्या दारात आल्या, हातात लॅबचा कागद.

"ज्ञानदीप, तीनशे सोळा नंबरची बॅच. माझी शंका खरी निघाली रे. शुगरच्या गोळीची पट्टी एक मिलिग्रॅमची आहे, आणि आत गोळ्या चारच्या भरल्यात. पॅकिंगच्या मशीनवर चुकीचा माल चढवला असणार. आता फॉर्म भरून होल्ड लावते, म्हणजे माल रीतसर अडेल. तोवर माल हलणार नाही, रेकॉर्ड मी सकाळपासून धरून ठेवलाय."

"धरून ठेवलाय म्हणजे?"

"म्हणजे उघडून ठेवलाय. नेहमीसारखा."

ज्ञानदीपनं बॅच काढली. समोर आलं, रवाना, अकरा चाळीस. वीस खोकी, टेम्पोनं, दवा बाजारातल्या ठोक व्यापाऱ्याकडे.

मग कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. होल्डच्या फॉर्मला तीन सह्या लागायच्या. सह्या गोळा होईपर्यंत माल गाडीत चढायचा. म्हणून बावीस वर्षं या बाईनं, शंका आली की, नोंद उघडून ठेवली आणि तपासणीला गेली. स्क्रीन उघडी म्हणजे माल बंद. त्यांच्या आधीच्या बाईंनी त्यांना हेच शिकवलं होतं. कुठल्या कागदावर नव्हतं, कुठल्या प्रोग्रॅममध्ये नव्हतं, आणि ज्याच्या हातात तो प्रोग्रॅम होता त्या शहाण्यानं फक्त आरडाओरडा केला होता.

"पण मी थांबवली होती ना?" वसुधाताईंनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "स्क्रीन अजून उघडी आहे माझी. जाऊन बघ."

एकच्या जागी चार. धडधाकट माणसाला भोवळ येईल. म्हातारं माणूस, पोटात अन्न नाही, तर साखर इतकी उतरेल की झोपेतून उठायचंच नाही. हे वसुधाताईंनी जिन्यावरून उतरता उतरता सांगितलं आणि उतरायच्या थांबल्या. त्यानं दंडाला धरून त्यांना खाली आणलं.

मनीषजींना फोन केला तर ते म्हणाले, "शोर मत कीजिए. आप दोनों चुपचाप माल वापस ले आइए." म्हणजे झालं! सगळ्या शहराला ओरडून सांगायची गोष्ट, ती दोन कर्मचारी एका स्कूटरवर बसून गुपचूप निस्तरणार. पण वाद घालायला वेळ कुठे होता? निघाले.

ठोक व्यापाऱ्याकडे अठरा खोकी जशीच्या तशी मिळाली. दोन फुटली होती, त्यातला माल सात दुकानांत गेला होता. व्यापारी भला, त्यानं सातही दुकानांना फोन लावले. चौघांनी उचलले, तिघांनी नाही. मग हे दोघं एकेका दुकानात जायचे, पट्ट्या मोजून पिशवीत टाकायचे, यादीवर काट मारायचे. पाटणीपुरा, मालवा मिल, जुनी इंदूर. सिग्नलला थांबलं की मागून वसुधाताईंचा आवाज यायचा, "मी थांबवली होती ना रे?" नव्या प्रोग्रॅमच्या हिशोबानं त्यांनी काहीच थांबवलं नव्हतं. त्याला रडू येत होतं आणि रडायला सवड नव्हती.

सहा दुकानांचा माल बरोबर मिळाला. सातवं छत्रीबागेतलं. तिथं एक पट्टी कमी भरली.

"एक मराठी बाबा ले गए, चार बजे," दुकानदार म्हणाला. "नाम नहीं पता, भिया. बिल लेते नहीं. यहीं किसी गली में रहते हैं. आज उनका सोमवार था, बोल रहे थे शाम को ही खाऊँगा."

"उपास," वसुधाताई म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला.

साडेसहा वाजून गेले होते. नदीकडे उतरणाऱ्या चार गल्ल्या, शे-दीडशे दारं. ज्ञानदीपनं डावीकडून सुरुवात केली, ताईंनी उजवीकडून. मनीषजींचं 'शोर मत कीजिए' गेलं खड्ड्यात. तो गल्लीच्या मधोमध उभा राहून ओरडायला लागला, "आज शुगर की गोली किसने ली? चौकवाली दुकान से! मत खाना!"

दारं उघडली. आणि काय सांगावं, अख्खी गल्लीच मधुमेही. कुणी डबा घेऊन आलं, कुणी पिशवी, कुणी आईची, कुणी सासऱ्यांची. "ये देखो, ये वाली है क्या?" एकेक पट्टी तो मोबाइलच्या उजेडात धरायचा, नंबर वाचायचा. दोनशे नव्वद. दुसरीच कंपनी. तीनशे दोन. नाही. नाही. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात पट्ट्यांचा ढीग, शेवटी एका बाईनंच पट्टी धरली आणि तो वाचत राहिला. देवधर्माला तो कधी फारसा लागला नव्हता. त्या संध्याकाळी मात्र दर पट्टीगणिक 'हीच असू दे' म्हणत होता.

शेवटी त्याच बाईला आठवलं. "लक्ष्मणराव तर नाही? मिलमधून रिटायर झालेले? एकटेच असतात, ते निळं दार. आज मंदिरात दिसले नाहीत."

दार नुसतं लोटलेलं होतं. लक्ष्मणराव खुर्चीत बसले होते, धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, समोर ताटात झाकून ठेवलेली खिचडी. बनियन घामानं भिजलं होतं. टेबलावर पट्टी होती. ज्ञानदीपनं नंबर वाचला. तीनशे सोळा. दहातल्या नऊ गोळ्या होत्या.

"बाबा, गोळी कधी घेतली?"

"कोण, विनू आला का?" म्हाताऱ्यानं त्याला घरचाच कुणी समजून विचारलं. "बस. जेवून जा."

वसुधाताई तोवर स्वयंपाकघरात घुसल्या होत्या. साखरेचा डबा सापडेना तर गुळाचा खडा घेऊन आल्या, पाण्यात कालवून चमच्या-चमच्यानं त्यांच्या तोंडात घालायला लागल्या. "गिळा हो काका, गिळा. माझ्यासाठी गिळा." दोन चमचे आत गेले, तिसरा ओठांवरून ओघळला आणि मान छातीवर पडली. गल्लीतल्या चौघांनी खुर्चीसकट उचलून रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात साखर मोजली, एकोणतीस. नर्सनं लगेच शीर शोधली, ग्लुकोजची बाटली लावली. डॉक्टर मुलगी होती, ज्ञानदीपच्या लेकीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. तिनं पट्टी उलटसुलट करून पाहिली. "वन एमजी? इससे इतना नहीं गिरना चाहिए. कितनी खाई इन्होंने?"

तेवढ्यात फोन वाजला. मनीषजी. तो व्हरांड्यात गेला आणि झालं ते सांगितलं.

"मिल गई? खा ली? हे भगवान. सुनिए, ध्यान से सुनिए. डॉक्टर को बोलिए, बूढ़े आदमी हैं, भूल से चार खा लीं. बस. और मैंने लॉग देख लिया है. वसुधाजी ने दस बजके बयालीस पे बैच खोला और होल्ड नहीं लगाया. साफ दिख रहा है. बात उन्हीं पे खत्म. आपका काम बढ़िया हुआ है, ज्ञानदीपजी, आप तो रहेंगे."

कोणी कधी काय उघडलं त्याची नोंद ठेवणारा तो लॉग ज्ञानदीपनंच लिहिला होता, आणि लॉग खोटं बोलत नव्हता. दहा बेचाळीसला उघडलं. होल्ड नाही. कुणीही वाचलं तरी वसुधाताईच दोषी. तीन वर्षं, मुलीची फी, घराचा उरलेला हप्ता, सगळं त्या एका 'हो'मध्ये होतं आणि ते 'हो' त्याच्या जिभेवर आलं होतं. याला तुम्ही भेकड म्हणाल. म्हणा. तो स्वतःलाही तेच म्हणत होता.

काचेतून त्याला वसुधाताई दिसत होत्या. लक्ष्मणरावांचे थंड पाय दोन्ही हातांनी चोळत होत्या. डॉक्टर त्यांना काही तरी विचारत होती आणि त्या नुसती मान हलवत होत्या.

त्यानं फोन कापला आणि आत गेला.

"एकच खाल्ली," तो म्हणाला, आणि मग भानावर येऊन हिंदीत, "एक ही खाई, डॉक्टर. पट्टी पे एक लिखा है, अंदर चार है. हमारी फैक्ट्री का माल है. पूरी बैच ऐसी है."

डॉक्टरनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "चार है तो असर लंबा चलेगा. शुगर फिर गिरेगी. अच्छा हुआ बता दिया, नहीं तो मैं दो घंटे में छोड़ देती." ती नर्सकडे वळली, दर तासाला साखर मोजायला सांगितली, मग पुन्हा त्याच्याकडे. "ये लिख के देंगे आप? बैच नंबर के साथ? मुझे ऊपर रिपोर्ट करना पड़ेगा."

कोऱ्या कागदावर त्यानं लिहायला घेतलं. नाव, कारखाना, बॅच, वेळ. माल कसा सुटला तेही लिहिलं, दोन ओळींत, सोप्या हिंदीत. सही केली. कागद डॉक्टरला द्यायच्या आधी वसुधाताईंनी तो मागून घेतला आणि चष्मा नसल्यामुळे लांब धरून हळूहळू वाचला. मनीषजींचा फोन खिशात पुन्हा वाजत होता.

"नोकरी जाईल रे तुझी," त्या म्हणाल्या.

"गेली."

लक्ष्मणरावांनी डोळे उघडले नव्हते, पण बोटं जरा हलली. वसुधाताईंनी ती हातात घेतली. मग वर न बघता, दुपारपासून कितव्यांदा तरी, त्यांनी तेच विचारलं, "मी थांबवली होती ना?"

"हो ताई," ज्ञानदीप म्हणाला. "तुम्ही थांबवली होती. मी सोडली."