काळावरचं व्याख्यान

आमच्या महाडच्या व्याख्यानमालेत वक्ता हा सगळ्यांत बिनमहत्त्वाचा माणूस. इथल्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात उभा जन्म गेला माझा, मला हे ठाऊक नको? तरी धम्मपालला बोलवायची अवदसा मलाच आठवली.

धम्मपाल माझा विद्यार्थी, पोलादपूरकडच्या कापडे गावचा. आता पुण्यात सैद्धांतिक भौतिकशास्त्रात संशोधन करतो. काळ पुढेच का जातो, मागे का येत नाही, हा त्याचा विषय. समितीने फ्लेक्सवर ‘काळाचे रहस्य’ छापलं, आणि अध्यक्ष यज्ञेश्वररावांचा फोटो वक्त्याच्या दुप्पट. रहस्य बहुधा त्यांनीच लपवून ठेवलं असावं.

त्याची आई, ललिताबाई, मुद्दाम ऐकायला आली होती. कडक इस्त्रीची पांढरी साडी, पहिली रांग. मला म्हणाली, “बाई, गावात सगली इचारतात, पोरगा काय करतो. डॉक्टर म्हनतात त्याला, पन सुई मारत नाय. मला सांगता येत नाय. आज ऐकूनच जाते.” तिला कापड्याची शेवटची एसटी गाठायची होती. मी म्हटलं, भरपूर वेळ आहे. जळली मेली माझी जीभ.

आधी पाहुणेच उशिरा आले. मग समई. एक मेणबत्ती, पाच मान्यवर, वर गरगरणारा पंखा. पंखा बंद करायचं एकालाही सुचेना, कारण सगळे फोटोग्राफरकडे बघत होते. मग सत्कार सुरू झाले. वक्त्याचा सत्कार, सत्कार करणाऱ्याचा सत्कार, शाली ज्याच्या दुकानातून आणल्या त्याचा सत्कार. ललिताबाईलाही ‘आदर्श माता’ म्हणून शाल पांघरली. ती बिचारी नारळ पोटाशी धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

आता तरी धम्मपाल बोलेल म्हणावं, तर यज्ञेश्वरराव उठले. त्यांना वरंधला हळदीला जायचं होतं, म्हणून अध्यक्षीय समारोप ते आधीच उरकून घेणार होते. आमच्याकडे यात कोणाला काही खटकत नाही. खिशातून कागद काढून ते वाचायला लागले, “आत्ताच आपण डॉक्टर धम्मपाल यांचं ओघवतं व्याख्यान ऐकलं. काळासारखा अवघड विषय त्यांनी किती सोपा करून सांगितला...” सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या एकाने तर मान डोलावली, त्याला सगळं पटलं होतं. स्टेजवर शेजारीच बसलेल्या धम्मपालने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसू आवरलं. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली.

कारण समोर ललिताबाई उठली होती. तिने स्टेजकडे बघून हात जोडले आणि ती दाराकडे निघाली. एसटी कोणाच्या समारोपासाठी थांबत नाही.

मी धम्मपालची बाही ओढली. “ऊठ. ऐकायला आलेलं एकच माणूस होतं, ते चाललं.”

अध्यक्ष वाचत राहिले, आम्ही दोघं स्टेजवरून उतरलो.

स्टँडवर गाडी सुरूच होती. ललिताबाई खिडकीशी बसलेली, मांडीवर शाल आणि नारळ. धम्मपाल खाली उभा राहिला. धाप लागली होती, तरी तसाच बोलायला लागला.

“आये, सांडल्याला दूध परत टोपात येत नाय ना? ते का येत नाय, ते मी शोधतो.”

“त्यात शोधायचा काय? येत नाय, पोरासोरांना ठावं हाय.”

“येत नाय ते ठावं हाय. पन का, ते अजून कोनालाच पुरता ठावं नाय. आमच्या गनितात तर परत यायला काय आडकाठी नाय.”

कंडक्टरने बेल मारली. ललिताबाईने गजांतून हात बाहेर काढून त्याचं मनगट धरलं.

“म्हंजे तुझा बापूस गेला तो परत येत नाय, ता बी ह्याच काय रे?”

“ह्याच आये,” धम्मपाल म्हणाला.

“आन गनितात आडकाठी नाय?”

“नाय.”

गाडी हलली. मी तोंड फिरवलं. मागून तिचा आवाज आला.

“मंग सोडू नको हा काम.”