तीन शिंदींचं बेट

धोंडीरामने सिगारेटचा रिकामा डबा तारयंत्राच्या साउंडरच्या मागे उभा केला, बोटाने अर्धा इंच डावीकडे सरकवला आणि कान लावला. तारेचा आवाज मुळात बारीक. मागे पत्र्याचा डबा असला की तो घुमतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकालाही टिंब आणि रेघ वेगळी कळते. त्याचा जुना डबा मधल्या तीन वर्षांत कोणीतरी फेकून दिला होता. हा त्याने आज घरून आणला होता.

"डबा आला म्हणजे तूबी आलास म्हणायचं," स्टेशनमास्तर बसलिंगप्पा खुर्चीवरूनच म्हणाले. मान मागे टाकून त्यांनी चेहऱ्यावर ओला रुमाल पसरला होता. "तुझ्या मागारी सगळे ह्या टेबलाला कान लावून बसायचे बघ. दाढ दुखत असल्यागत."

"व्हय मास्तर."

"काम कर पण. बाकीचं नको. हात भाजलाय एकदा, काय?"

धोंडीरामने मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. विजापूरकडची पॅसेंजर जाऊन सात मिनिटं झाली होती आणि साडेचारच्या मालगाडीपर्यंत होटगी स्टेशनात करण्यासारखं काही नव्हतं. मे महिन्याच्या उन्हात रूळ पाण्यासारखे हलत होते.

या तारेवर तीन वर्षांपूर्वी सात स्टेशनं होती. नवं एक धरून आता आठ. तार एकच, त्यामुळे एकाने कळ दाबली की सगळ्या टेबलांवर तेच कट्ट-कडकट्ट वाजे. कोण बोलतंय हे सांगावं लागत नसे. प्रत्येकाचा हात वेगळा. शंकरप्पाचा हात जड आणि सारखा, लोहार घण घालतो तसा. सिद्धाप्पाचा हात घाईचा, शब्द संपता संपता पुढच्या शब्दावर उडी मारणारा. धोंडीरामला अर्ध्या शब्दावरून माणूस ओळखता येई. चेहरे त्याने सहातल्या दोघांचेच पाहिले होते.

खेळ सुरू झाला बहात्तरच्या दुष्काळात. इंजिनाला पाणी नाही म्हणून गाड्या तासन्‌तास खोळंबायच्या आणि सात माणसं सात टेबलांपाशी कोरड्या घशाने बसून राहायची. एका दुपारी शंकरप्पाने तारेवर विचारलं, आपण सगळे एका जहाजावर आहोत असं धरलं तर? सातांपैकी कोणी समुद्र पाहिला नव्हता. तरी जहाज निघालं. शंकरप्पा कप्तान झाला, सिद्धाप्पा आचारी, एक जण शिडं सांभाळू लागला, एक आजाऱ्यांना औषध देऊ लागला. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी म्हणालं, समुद्राचं पाणी खारट असतं, प्यायचं काय? कप्तानाने हुकूम काढला की आपला समुद्र गोड्या पाण्याचा आहे. त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

धोंडीराम टेहळ्या होता. उंच डोलकाठीवर बसून काय दिसतं ते सांगायचं. तो सांगेल तेच बाकीच्या सहांना दिसे. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी, मध्ये मध्ये कानडी. नियम दोनच. खेळात खरं नाव घ्यायचं नाही आणि खेळातलं काही कागदावर लिहायचं नाही.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात प्रत्येकाने जहाजाला आपल्या माहितीतलं एकेक बेट दिलं. धोंडीरामने माढ्याजवळची बहिणीची वस्ती दिली. विहीर, पलीकडे पाचटाचं छप्पर, बांधावर तीन शिंदी. ते बेट सगळ्यांना इतकं आवडलं की जहाज तिथे पंधरा दिवस थांबलं.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. सातांपैकी संपावर गेला तो एकटा धोंडीराम. सात तारखेच्या दुपारी उठण्यापूर्वी त्याने कळ दाबली होती: टेहळ्या उतरतोय. तीन शिंदींच्या बेटावर जातो. वादळ गेलं की येईन.

तेरा तारखेला पोलीस आले. वडिलांच्या घरी गेले नाहीत, भावाकडे गेले नाहीत. सरळ बहिणीच्या, फुलाबाईच्या वस्तीवर आले, विहिरीला वळसा घालून छपराशी. तिच्या नवऱ्यालाही नेलं आणि दोन दिवस बसवून ठेवलं. धोंडीराम चाळीस दिवस आत होता. नोकरी गेली, क्वार्टर गेलं. तो सोलापुरात लाकडाच्या वखारीत लागला आणि बायको केराबाई घरी विड्या वळू लागली. फुलाबाईने भाऊबीजेला बोलावणं बंद केलं.

आता सरकार बदललं होतं आणि काढलेल्यांना परत घेतलं जात होतं. सकाळी भाकरी बांधताना केराबाई म्हणाली होती:

"तारंवर त्यो खेळ न्हाई खेळायचा, सांगून ठिवते. त्या सातातल्या एकानं आपलं घर उठवलंय."

"सहातल्या. सातवा मी."

"व्हय की, हिशोब तेवढा चोख! शंकरप्पाच त्यो. संपात कामाला राहिला म्हणून बढती कुणाला घावली?"

"बघू."

"काय बघता? आता दुसऱ्यांदा नोकरी गेली तर कुटं जायाचं? फुलाबाईचं दार बी बंद हाय आपल्याला."

त्याने फडताळावरचा डबा उचलला होता, झाकणात राहिलेल्या तिच्या सुया काढून ठेवल्या होत्या आणि निघाला होता.

वखारीतली तीन वर्षं तो खेळ सोडून राहिला होता असं म्हणणं बरोबर नव्हतं. ओंडके मोजता मोजता त्याचं बोट मांडीवर चालू असे. जहाज कुठवर आलं असेल, आपल्या जागी कोण बघत असेल. रात्रंदिवस दोनच गोष्टी त्याला हव्या होत्या. त्या डोलकाठीवरची जागा आणि ते एक नाव. दोन्ही एकदम मिळणार नाहीत, हे त्याला कळत होतं.

रुजू होऊन आज तिसरा दिवस. परवा पहिल्या दुपारी त्याने नुसतं एवढंच पाठवलं होतं: आलो. लगेच शंकरप्पाचा जड हात वाजला होता. टेहळ्याची जागा भरली. पाणी उपसायला माणूस हवा, यायचं तर ये. त्याच्या पाठोपाठ सिद्धाप्पा, धावत आल्यासारखा: ऊट आय्ता? जेवलास का रे? तीन वर्षं तुझं ताट झाकून ठेवलंय. तेव्हा धोंडीराम टेबलाखाली काहीतरी पडलंय असं करून बराच वेळ वाकून राहिला होता.

दोन वाजून सतरा मिनिटांनी साउंडर बोलू लागला.

"रस्ता मोकळा," शंकरप्पा. "टेहळ्या, काय दिसतं?"

"पाणी," नव्या टेहळ्याने सांगितलं. हा रामहरी, नव्या स्टेशनावरचा, वर्षभरापूर्वी लागलेला. हात शिकाऊ, पण स्वच्छ. "समोर पाणी. डावीकडंबी पाणी."

"उजवीकडं काय, जोंधळा?" सिद्धाप्पाने विचारलं. कोणीतरी नुसती टिंबंच टिंबं वाजवली. तारेवर हसतात ते असं.

धोंडीरामने कळीवर बोट ठेवलं. घाम येत होता म्हणून ते काढलं, धोतराला पुसलं आणि परत ठेवलं.

"जुना टेहळ्या बोलतोय," त्याने पाठवलं. "बेट दिसतंय. तीन शिंदी. विहीर. छपरात एक माणूस लपलाय. किनाऱ्यावर होडी लागली, तीत शिपाई आहेत. त्यांना वाट कोणी सांगितली?"

साउंडर थांबला.

धोंडीराम सेकंदकाट्याकडे बघत राहिला. तारेवर दहा सेकंद कोणी बोललं नाही तर माणूस तार तुटली का म्हणून बघतो. तीस सेकंद झाले. पस्तिसाव्या सेकंदाला एक टिंब वाजलं. एकच. कोणीतरी बोलायला कळ दाबली होती आणि हात मागे घेतला होता. अर्ध्या शब्दावरून माणूस ओळखणाऱ्या धोंडीरामला एका टिंबावरून काही कळलं नाही.

"मला न्हाई दिसत," रामहरीचा हात. "कुठलं बेट? मला कुणी सांगितलं न्हाई."

मग शंकरप्पा, एकेक अक्षर ठोकून:

"खेळ बंद. ज्याला विचारायचं आहे त्याने खेळाच्या आडून विचारू नये. स्वतःच्या नावाने विचारावं."

याच हाताची धोंडीराम तीन वर्षं वाट बघत होता. बघा कसा बोलतोय, केराबाई म्हणाली असती, चोर तो चोर. त्याने खण ओढला आणि तारेच्या फॉर्मांचं पॅड बाहेर काढलं. कार्बन घातला. वर पुढचा नंबर टाकला, दोन वाजून चोवीस ही वेळ टाकली. 'प्रति' पुढे लिहिलं: सर्व स्टेशनं.

सर्व स्टेशनांना गेलेल्या तारेचा नियम साधा आहे. ती मिळाली की प्रत्येक स्टेशनाने आपली सही, म्हणजे ठरलेली दोन अक्षरं, आणि वेळ परत पाठवायची. ही पोच फॉर्मवर लिहिली जाते आणि फॉर्म दप्तरात राहतो. तो वर मागवला गेला तर खाजगी मजकूर सरकारी तारेने पाठवला म्हणून पाठवणाऱ्याची नोकरी जाऊ शकते. धोंडीरामला हा नियम क्रमांकासकट पाठ होता.

त्याने मजकूर लिहिला, वाचला, एक शब्द खोडला आणि मग तो कळीवर चढवला. हळू, अक्षर न अक्षर सुटं.

"सात मे चौऱ्याहत्तर रोजी मी कुठे जातो हे या तारेवरच्या सहा जणांना ठाऊक होतं. तेरा तारखेला पोलीस तिथे आले. ज्याने सांगितलं नाही त्याने पोच द्यावी. धोंडीराम, तारबाबू, होटगी."

मागे खुर्ची करकरली. बसलिंगप्पा उठून आले होते. रुमाल त्यांच्या हातात होता. कानाने त्यांना तार पुरती कळत नसे, पण कागद कळत होता. त्यांनी वाकून फॉर्म वाचला.

"नंबर घातलास ह्याला?"

"घातला."

"शाणा हैस," ते म्हणाले. "केराबाईला काय सांगणार?"

धोंडीराम काही बोलण्याआधी साउंडर वाजला. जड, सारखा हात. दोन अक्षरं, वेळ दोन सव्वीस. त्यापुढे काही नाही.

शंकरप्पा.

धोंडीरामची पेन्सिल कागदावर तशीच टेकून राहिली. खोटी पोच देताना हात कसा वाजतो ते त्याला माहीत नव्हतं, पण शंकरप्पाचा हा हात त्याने पाच वर्षं ऐकला होता. गाडी सुटल्याची वर्दी तो याच हाताने देई. त्याने स्टेशनापुढे दोन अक्षरं लिहिली. अक्षरं जरा वाकडी आली.

मग शिडंवाला. मग औषधवाला, त्याच्या पाठोपाठ उरलेले दोघे, एकमेकांना अडखळवत. दोन सत्तावीस, दोन अठ्ठावीस.

"मी तेव्हा नव्हतो," रामहरीने पाठवलं. "तरी पोच." आणि आपली दोन अक्षरं.

सात ओळींपैकी सहा भरल्या होत्या. धोंडीरामने त्या बोटाने वरपासून खाली मोजल्या. पुन्हा मोजल्या. एक ओळ मोकळी होती. सिद्धाप्पाची.

तो थांबला. साउंडरमागचा डबा त्याने थोडा सरळ केला. दोन एकतीस. दोन बत्तीस. आता घाईघाईने ती दोन अक्षरं येतील, एकमेकांवर चढलेली, आणि त्यांच्या मागे लगेच जेवणाचं काहीतरी. वखारीत दुपारची भाकरी सोडताना रोज त्याला सिद्धाप्पाचं 'जेवलास का रे?' ऐकू येई. त्यानंतरच तो पहिला घास घेई. केराबाईला त्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

"कोण राह्यलं?" बसलिंगप्पांनी विचारलं.

धोंडीरामने मोकळ्या ओळीवर बोट ठेवलं.

बसलिंगप्पांनी ते वाचलं. रुमालाने मानेवरचा घाम पुसला, खिडकीकडे गेले, परत आले.

"झोपला असंल की त्यो," ते म्हणाले. "उन्ह काय थोडं हाय? डोळा लागतो माणसाचा."

"पंधरा मिनिटांमागं जागा होता."

"लागतो डोळा," बसलिंगप्पा पुन्हा म्हणाले, या वेळी हळू. त्यांनी फॉर्म उचलला, कोपऱ्यात शिक्का मारायची जागा बघितली, आणि न मारता तो परत धोंडीरामच्या पुढ्यात ठेवला. "राहू दे आता. सहा आले, पुष्कळ झाले."

"नियम हाय मास्तर."

पोच न देणाऱ्या स्टेशनाला दर पाच मिनिटांनी हाक द्यायची आणि प्रत्येक हाकेची वेळ फॉर्मच्या पाठीवर लिहायची, असा तो नियम. उत्तर येईपर्यंत किंवा ड्युटी संपेपर्यंत. धोंडीरामची ड्युटी संध्याकाळी सहाला संपायची होती.

त्याने कळ दाबली. सिद्धाप्पाच्या स्टेशनाची हाक तीनदा दिली आणि बोट वर घेतलं. बाकीच्या सहा टेबलांवर ती वाजली असणार. कोणी मध्ये बोललं नाही.

फॉर्म उलटा करून त्याने लिहिलं, दोन छत्तीस. मग खणातून पातं काढलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.