पलटणीचा शिंपी

माणूस गेला की चार दिवसांत त्याची उंची वाढते. घाटकोपरच्या अंबादास गांगुर्डेंच्या हातात तर बॅनरवाल्याने बंदूकच दिली होती. खाली लिहिलं होतं, ‘एकाहत्तरच्या रणांगणावरचा ढाण्या वाघ’. बुद्धविहारात पुण्यानुमोदनाला आलेली मंडळी ते वाचून माना डोलवत होती, आणि अंबादासअण्णांची थोरली मुलगी दर्शना बॅनरकडे पाठ करून बसली होती.

कारण अण्णा पलटणीत शिंपी होते. निवृत्तीनंतर चाळीस वर्षं स्टेशनजवळच्या टपरीत त्यांनी कपडे रफू केले, तेच काम पलटणीतही केलं होतं. बंदूक हातात धरली ती ट्रेनिंगपुरती. पण वस्तीने त्यांना परस्पर वाघ करून टाकलं, आणि ते ऐकून अण्णा दर वेळी ओशाळायचे. मी गेल्यावर तरी लोकांना खरं सांग, असं त्यांनी दर्शनाला बजावलं होतं. आज तिला बोलायचं होतं.

धाकट्या भावाने, विकीने, तिला बाजूला घेतलं.

"ताई, कोण विचारतंय यार? लढले म्हण ना. पोरांच्या शाळेतपण तसंच सांगितलंय मी."

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा जुनाच स्वभाव. दर्शनाला त्याचा राग आला, थोडी कीवही आली.

वंदना झाल्यावर ती उभी राहिली. अण्णा लढले नाहीत, हे तिने सरळ सांगून टाकलं. त्या थंडीत पलटणीला कोट कमी पडत होते. जखमींचे आणि गेलेल्यांचे कोट धुऊन अण्णांकडे यायचे. गोळीची भोकं ते अशी रफू करायचे, की आपण कुणाचा कोट घातलाय हे पुढच्या जवानाला कळूच नये. विकी खाली सतरंजी बघत बसला.

पहिल्या रांगेत वाकोल्याहून आलेले धोंडिरामकाका होते. अण्णांच्याच पलटणीतले, खरोखर लढलेले. ते काठी टेकत उठले. आता हे भडकणार, असं दर्शनाला वाटलं.

"मलापण तेव्हा कोट मिळाला होता," ते म्हणाले. "अंबादासनेच आणून दिला. नवा आहे म्हणाला. इतकी वर्षं मी तेच धरून चाललो." मग त्यांनी विचारलं, "पोरी, कुणाचा होता गं तो?"

दर्शनाला ठाऊक होतं. शेवटच्या आजारपणात अण्णांनी त्या सगळ्या कोटांपैकी एकाच कोटाच्या मूळ मालकाचं नाव सांगितलं होतं. तो माणिकचा होता. माणिक म्हणजे धोंडिरामकाकांचा धाकटा सख्खा भाऊ, त्याच लढाईत गेलेला.

सगळे तिच्याकडे बघत होते. खरं बोलायलाच तर ती उभी राहिली होती.

"तुमचा नवाच होता, काका," दर्शना म्हणाली. "थोडे नवेपण आले होते."