न पिणाऱ्याचा प्रीमियम

अमेरिकेत माणूस आपल्या मर्जीचा मालक असतो, असं तिथल्याच एडिसन गावात राहणाऱ्या पुरुषोत्तम दामल्यांचं ठाम मत होतं. मुलाने, राजीवने, इंजिनिअरच व्हायचं हे मात्र त्यांनीच ठरवलं होतं.

१९८६ साली राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, सरकारी सुनावणी होती. दारू सोडवण्याचे उपचार प्रत्येक आरोग्यविम्यात हवेतच, हा राज्याचा नियम रद्द करा, असं दामले सांगणार होते. न पिणाऱ्याने पिणाऱ्यांचा प्रीमियम का भरावा?

शेजारी बसलेली त्यांची बायको सुलभा हलक्या आवाजात म्हणाली, "राजीवच्या कॉलेजातून फोन आला होता. तो रोज पितो. सोमवारी त्याला उपचारांना ॲडमिट करायचंय, तुमच्याच विम्यावर."

"हे आत्ता सांगतेस?"

"सकाळपासून तुम्ही भाषण पाठ करत होता. बोला बिनधास्त. फक्त नियम सोमवारनंतर रद्द करा म्हणावं."

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. सुलभाने पर्स घट्ट धरली. माइकपाशी दामल्यांनी दोनदा घसा खाकरला.

"हा नियम राहू द्या," ते म्हणाले.

अधिकाऱ्याने दामल्यांच्या नोंदणीचा कागद पाहिला. "मिस्टर दामले, तुम्ही नोकरी करता ती कंपनी बाहेरून विमा घेत नाही, कर्मचाऱ्यांची दवाखान्याची बिलं स्वतः भरते. तिला राज्याचा हा नियम लागूच नाही."

आणि कंपनी दारू सोडवण्याच्या उपचारांची बिलं भरत नसे.