सात फुल्या

हवा मोजणाऱ्या खात्यात धाकटीला सगळे ‘चौकशी खिडकी’ म्हणत. एखादा आकडा खटकला की त्याचा छडा लागेपर्यंत ती स्वतः जेवायची नाही आणि शेजारच्या टेबलालाही जेवू द्यायची नाही. ताईच्या बाबतीत मात्र तिनं ही चौकशी गुंडाळून ठेवली होती.

ताई तिची सख्खी मोठी बहीण, दम्यानं हैराण झालेली. धाप लागली की कॅलेंडरवर फुली मारायची आणि फोन करायची, “आज हवा वाईट आहे गं.” धाकटी ताईच्याच गल्लीतल्या शाळेच्या गच्चीवरचं यंत्र काय सांगतं ते बघायची. आकडा अगदी छान! “मनाचे खेळ आहेत, ताई,” ती सांगून टाकायची. मग भावजींनीही तेच धरून ठेवलं. हळूहळू ताईनं फोन करणंच सोडलं.

रविवारी दुपारी धाकटी ताईकडे गेली, तर स्वयंपाकघराचं दार लावून ताई तोंडावर पदर धरून खोकत होती. धाकटीला ऐकू जाऊ नये म्हणून! समोर कॅलेंडरवर या महिन्यातल्या सात फुल्या होत्या. तिनं फोनवर यंत्राचे आकडे काढले. महिन्यातले सगळ्यात स्वच्छ हवेचे दिवस नेमके तेच सात. एखाददुसरा असता तर योगायोग म्हटला असता, पण सातच्या सात? तिनं ताईला दम्याचा पंप आणि पाणी दिलं, चपला अडकवल्या आणि तडक शाळेची गच्ची गाठली.

वर धुरानं डोळे चुरचुरत होते. यंत्राच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर दुपदरी फडकं होतं, सुतळीनं नीटनेटकं बांधलेलं. शेजारी शाळेचे रखवालदारकाका.

“काका, हे काय?”

“शाळेमागचा तो भंगारवाला वायरी जाळायला लागला की बांधतो, मॅडम. एवढं महागाचं यंत्र, धूर जाऊन बिघडलं म्हणजे?” काका शाबासकीची वाट बघत होते.

“अहो, ते धूर खायलाच ठेवलंय!”

काकांचा चेहरा एवढासा झाला. धाकटीनं सुतळी सोडली. त्यांच्यावर कुठल्या तोंडानं रागावणार? त्यांनी निदान यंत्राला जपलं होतं. आपण तर सख्ख्या बहिणीला खोटं पाडलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहा मिनिटांत आकडा चौपट झाला. ती धावत ताईकडे आली आणि तिच्यासमोर फोन धरला. ताईनं आकडा दोनदा वाचला.

“म्हणजे मी...”

“तू खरंच सांगत होतीस, ताई. चुकलं माझं. पंप घेतलास का?”

“घेते गं.” ताईनं कसाबसा श्वास गोळा केला आणि हात पुढे केला. “आधी तो फोन दे इकडे. ह्यांना दाखवून येते.”