काळे स्क्रू

"ओसरीवर टिनं टाकून राहिलो, देवमनभाऊ. खाली लोखंडी पाइप हायेत," काउंटरवर कोपर टेकून खुशालराव ठेकेदार म्हणाला. "स्क्रू तुमीच काढून द्या. तुमी काढले म्हंजे मंग चिंता नाही."

देवमनने मान वर केली नाही. अमरावतीच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात तो एकतीस वर्षे उभा होता. तळहातावर आलेल्या स्क्रूची लांबी न पाहता सांगणारा माणूस. हा आवाज या उंबऱ्यावर यावा म्हणून त्याने सहा वर्षे वाट पाहिली होती. आणि आवाज आला तो असा, विश्वास टाकीत.

सहा वर्षांपूर्वी शेंदूरजनाघाटला संत्र्यांच्या एका शेडचे छप्पर खुशालरावने बांधले होते. देवमनची बायको सुंदराबाई हंगामापुरती माहेरी गेली होती आणि त्याच शेडमध्ये संत्री निवडायला बसत होती. चैत्रातल्या एका दुपारी वादळ सुटले. छप्पर उडाले. एक पत्रा तिचा उजवा हात कोपरापासून घेऊन गेला.

पंचनाम्यात स्क्रू निघाले काळे, जिप्समच्या छताला लावतात ते. खुशालरावने जबाब दिला, "मले त्यातलं समजत नाही साहेब. मी टिनाचे मांगतले, देवमननं हे देले." चौकशी तिथेच विरली, देवमन मात्र त्या वाक्याच्या आत राहायला गेला. शेठने त्याला वर्षभर गोदामात बसवले. आपण पत्र्याचे, रबरी वायसरचेच स्क्रू दिले होते, हे त्याला लख्ख आठवत होते. पण आठवणीवर कुणाचा शिक्का नसतो. सुंदराबाईने त्याला कधीच काही विचारले नाही. ते न विचारणे सर्वांत जड होते.

आता त्याची बोटे खालच्या कप्प्यात उतरली. पत्र्याच्या उभारावर अडीच इंच लागतात. दोन इंचांचे दिले, तर टोक पाइपाला जेमतेम शिवते. दिसायला तोच स्क्रू, तेच वायसर. पावसाळाभर धरील आणि चैत्रात सोडील. अर्धा इंच. या अर्ध्या इंचाला त्याने सहा वर्षे उराशी घेऊन जोजवले होते.

"कोण बसते ओसरीवर?" त्याने विचारले.

"सून. परवाच लेकरू घेऊन आली माहेरून. घरात लय उकडते."

देवमनचा हात थांबला. दयेने नव्हे. त्याला खुशालराव हवा होता, सबंध आणि एकटा. त्याच्या वाट्याचा घाव दुसऱ्या कुणी झेलावा, हे त्याला मंजूर नव्हते. त्याने शेजारचा कप्पा ओढला आणि मूठभर काळे स्क्रू काउंटरवर ओतले.

"हे घ्या."

खुशालराव हसला. "मजाक करता का भाऊ? हे तं सीलिंगचे. वारा आला का मुंडकं तुटते यायचं."

"टिनाले नाही चालत?"

"कसे चालतीन? लहान लेकरू बी सांगन."

"तुमाले कवापासून माहीत हाये?"

"आता पंचवीस वर्षं ठेकेदारी करून राहिलो, मले नाही..." त्याने काउंटरवरचे कोपर काढून घेतले.

वेल्डिंगच्या कांड्या घ्यायला आलेला इनायतुल्ला आतापर्यंत भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला. "खुशालभाई, त्या टायमाले तं तुमाले समजत नव्हतं. पंच होतो ना मी. त्या कागदावर सही हाये माही."

"जुनं कायले उकरता?" खुशालराव पुटपुटला.

"जुनं नाही," देवमन म्हणाला. "माह्या घरी ते रोज नवं असते. सांगा, मी काय देलते?"

"वायसरचे."

"मोठ्यानं. इनायतभाईले कमी आयकू येते."

"वायसरचे देलते तुमी. मी बदलले."

"आलं आयकू," इनायतुल्ला शांतपणे म्हणाला. "उद्या चौकात बी आयकू यीन."

देवमनने अडीच इंचांचा डबा उघडला आणि पुडी बांधली. "उभारावर मारजा, खोलगटात नाही. वायसर दबलं पाह्यजे, फाटलं नाही पाह्यजे. अन् एकेक कसताना तिच्या हाताची याद ठेवजा."

खुशालरावने मान खाली घालून पुडी उचलली. देवमनने ते डोळे भरून पाहिले.

दुपारी घरी जाऊन त्याने सारे सांगितले. सुंदराबाई डाव्या हाताने ताट पुसत ऐकत होती.

"अन् बरोबरचे देले तुमी त्याले?"

"सून बसते तिथं. लेकरू घेऊन."

"मी बी बसली होती."

ती उठून आत गेली.

हात गेल्यापासून तिची वेणी शेजारची माणिकबाई घालायची. सहा वर्षे तिने देवमनच्या बोटांना आपल्या केसांपर्यंत येऊ दिले नव्हते. ते काळे स्क्रू याच बोटांनी दिले असतील, ही शंका दोघांच्या मधे होती. ती फणी घेऊन बाहेर आली, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि केस मोकळे सोडले.

"मले येत नाही," तो म्हणाला.

"दुनियेले शिकवता. आता शिका."

पहिली वेणी मानेपाशीच सुटली. दुसरीही. त्याच्या तळव्यांना लोखंडाचा वास येत होता; तिने तोंड फिरवले नाही. तिसऱ्यांदा पेड घेताना त्याचा हात बिचकला.

"दुखते का?"

"नाही," ती म्हणाली, आणि मान ताठ धरली. "कसून घाला."